डबल बेल

जामच्या चौकात आम्ही ज्या एसटीत चढलो तिला दोरी नव्हती. मी सवयीनं वर पाहिलं. पुढच्या दारापासून मागच्या सीटपर्यंत छत नुसतंच कोरं, गुळगुळीत. दाराशेजारी एक लाल बटण होतं. कंडक्टर मुलगी ते अंगठ्यानं दाबायची आणि ड्रायव्हरच्या डोक्याशी काहीतरी चिरकायचं. गाडी थांबत होती, निघत होती, कोणाचं काही अडत नव्हतं. माझाच हात उगाच वर जाऊन खाली आला.

हैदराबादहून येणारी बस आम्हाला उजाडता उजाडता जामला सोडते. हा हायवेवरचा चौक मी कधी झोपलेला पाहिला नाही. उकळून उकळून लाल झालेला चहा, कढईतला आलुबोंडा, ट्रकच्या तापलेल्या टायरांचा वास, आणि डिसेंबरात त्या सगळ्यावर संत्र्याच्या सालींचा वास. तेवढा नाकात गेला की मी पुन्हा इथली होते. लेकीला म्हटलं, मितू, वास घे जरा. तिनं एका कानातलं इअरफोनचं बोंडूक काढलं, "काय?" म्हणाली, आणि मी तोंड उघडायच्या आत परत घातलं.

मितू चौदाची आहे. मागच्या पावसाळ्यापर्यंत ही मुलगी इतकी बोलायची की मी तिला गमतीनं रेडिओ म्हणायचे. मग कुणी तरी आवाज कमी कमी करत न्यावा तसं झालं. आता तिच्याकडे तीनच उत्तरं उरली आहेत, "हो", "नाही" आणि "माहीत नाही". घरी आली की खोलीचं दार लावते. जेवण आत नेते आणि ताट अर्धं भरलेलं बाहेर येतं. शाळेतल्या बाईंनी फोन करून सांगितलं की मधल्या सुट्टीत ती एकटीच जिन्यावर बसलेली असते. मी करायचं ते सगळं केलं. विचारलं, समजावलं, रागावले, लाडीगोडी लावली, मोबाइलवर तज्ज्ञांची भाषणं ऐकून त्यातली वाक्यं तिच्यावर वापरून पाहिली. एका समुपदेशक बाईंकडेही नेलं. बाई चांगल्या होत्या, पुढंही जाणार आहोत, पण मितू त्यांनाही "माहीत नाही" म्हणून आली. नाताळची सुट्टी लागली तशी मी बॅग भरली आणि तिला घेऊन सिंदी मेघेला, माझ्या माहेरी, निघाले. आईकडं काही जादू आहे अशातला भाग नाही. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी अजूनही आईकडंच निघते.

माझी आई एसटीत कंडक्टर होती. ती लागली तेव्हा बाई कंडक्टर ही गावोगावच्या लोकांना नवलाईच होती. लोक चढायचे, खाकी कपड्यातल्या आईकडं बघायचे आणि मग तिच्या मागं कुणी पुरुष उभा आहे का ते शोधायचे. एक आजोबा तर रोज हातात पैसे धरून तिलाच विचारायचे की कंडक्टर कुठं गेला. आई रोज तितक्याच शांतपणे सांगायची की मीच गेलो होतो, आता आलो. आमच्याकडं बायकाही "जातो, येतो" असंच बोलतात. हैदराबादच्या माझ्या मैत्रिणींना हे अजून खरं वाटत नाही.

वर्धा, हिंगणघाट, जाम, समुद्रपूर, हा तिचा पट्टा. लहानपणी रविवारी ती मला सोबत न्यायची. तिच्या गळ्यातली पैशांची चामडी पिशवी, रंगीत तिकिटांचा पत्र्याचा ट्रे, आणि हातातला पंच. तो पंच ती सीटच्या दांड्यावर आपटत यायची, टक टक टक, आणि लोक आपोआप खिशात हात घालायचे. पण माझा जीव होता दोरीवर. छताला लागून कड्याकड्यांतून गेलेली, हजार हातांच्या घामानं काळी झालेली ती दोरी. ओढली की पुढं ड्रायव्हरच्या कानाशी पितळी घंटी वाजायची. तिची भाषा अख्ख्या जिल्ह्याला येते. एकदा वाजली की थांबा. दोनदा वाजली, म्हणजे डबल बेल, की जाऊ द्या. आई मला कमरेला धरून वर उचलायची आणि म्हणायची, मार दोन. मी ओढायचे. तेवढी मोठी गाडी, त्यातली माणसं, कोंबड्या, भाजीची पोती, सगळं माझ्या हातानं हलायचं. त्या दिवसांत मला स्वतःबद्दल काहीही शंका नव्हती.

घरी बाबा होते. बाबा जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला. कापसाचा हंगाम आला की ते घरी येताना भुवयांसकट पांढरे होऊन यायचे आणि अंगणात उभे राहून आधी झटकून घ्यायचे. आई पहिल्या गाडीवर गेलेली असायची, म्हणून माझ्या वेण्या बाबा घालायचे. कापसाच्या गाठी बांधायला सरावलेले हात; वेणी अशी घट्ट की शाळा सुटेपर्यंत माझे डोळे ताणलेले राहायचे. त्यांच्या बोटांना सरकीच्या तेलाचा वास यायचा. आठवीत मी एक दिवस म्हटलं, मी माझी घालते. ते "बरं" म्हणाले. पण फणी आणि रिबिनी रोज सकाळी ओसरीच्या कठड्यावर काढून ठेवणं त्यांनी सोडलं नाही. वापर नको तर नको वापरू, फणी आपली तिथं असायची.

आमचं घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीला लाकडी दार होतं, पावसाळ्यात खालून फुगायचं आणि फरशीला घासत लागायचं. त्याच वर्षी मी ते दार लावायला शिकले. काय झालं होतं म्हणाल तर आजही मला धड सांगता येणार नाही. कुणी मारलं नव्हतं, कुणी फसवलं नव्हतं. वर्गातल्या मुली डबा खायला गोल करून बसायच्या आणि तो गोल माझ्याशिवायही पुरा होतो, एवढंच एके दिवशी दिसलं. मग तेच सगळीकडं दिसायला लागलं. आई गाडीवर, बाबा जिनिंगवर, घरात पंखा फिरतोय, संध्याकाळी बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लागतेय, शेजारची म्हैस वेळेवर हंबरतेय. मी असले काय, नसले काय. हा विचार मी कुणाला सांगितला नाही. तो घेऊन दार लावून बसायचे.

आणि एका सकाळी सायकल शाळेकडं न वळता स्टँडकडं वळली. मी सायकल लावली आणि शाळेच्या कपड्यांत आईच्या गाडीत शेवटच्या सीटवर जाऊन बसले. आई तिकिटं फाडत मागं आली. माझ्यासमोर थांबली. मला वाटलं आता सगळ्यांसमोर उद्धार होणार. तिनं एक तिकीट पंच केलं, माझ्या हातात दिलं, पैसे स्वतःच्या बटव्यातून पिशवीत टाकले आणि पुढं गेली. मी तिकीट हातात घेऊन बसून राहिले. खिडकीतून धूळ येत होती. बाहेर दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, बाया ओटीत वेचत पुढं सरकत होत्या.

हिंगणघाट मागं पडलं. गाडी गच्च भरलेली. आई पुढच्या दाराशी कुणाच्या तरी सुट्ट्या पैशांच्या कटकटीत अडकली होती. मला ती हवी होती. उद्या नाही, घरी गेल्यावर नाही, आत्ता. हाक मारायला तोंड उघडलं तर आवाज निघेना. वर दोरी होती. आता मला उचलायला कुणी लागत नव्हतं. मी उभी राहिले आणि एकदा ओढली.

गाडी करकचून थांबली. ना स्टॉप, ना गाव, ना झाड. ड्रायव्हर काका मान मागं करून म्हणाले, बाई, इथं कोण उतरते. कुणीच उठलं नाही. लोक एकमेकांकडं पाहू लागले. आईनं मागं वळून पाहिलं, तर दोरीवर अजून माझा हात होता.

आईच्या चेहऱ्यावर त्या वेळी काय होतं ते मी नंतर फार वेळा आठवून पाहिलं आहे. राग नव्हता. ती माणसांतून वाट काढत माझ्यापर्यंत आली, माझा हात दोरीवरून सोडवून आपल्या हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, पोरीले मळमळून राह्यलं, जरा थांबा. मग मला घेऊन खाली उतरली.

आम्ही कापसाच्या पऱ्हाटीच्या कडेला उभ्या राहिलो. इंजिन मागं घरघरत होतं. खिडक्याखिडक्यांतून माणसं बघत होती. आई काही विचारत नव्हती. तिच्या अंगाला डिझेलचा, घामाचा आणि नोटांचा वास होता. मी तिच्या खांद्यात तोंड घातलं आणि जे कुणाला सांगितलं नव्हतं ते तिथं सांगून टाकलं.

"मी नसली तरी कोणाले काही फरक नाई पडत, आई."

 आईनं माझी हनुवटी धरून माझं तोंड गाडीकडं वळवलं.

"ते पाय. तू एकडाव घंटी मारली तं गाडीभर लोकं उन्हात थांबले. अन म्हणते फरक नाई पडत."

मला रडता रडता हसू फुटलं. खिडकीतल्या एका बाईनं, खरंच मळमळतंय समजून, सोललेलं संत्रं आमच्याकडं पुढं केलं. ते संत्रं मी गाडीत बसून खाल्लं. त्याच्या आंबटपणानं दात शिवशिवले, आणि कितीतरी दिवसांनी मला भूक लागली आहे असं कळलं.

आईनं मला त्या दिवशी शाळेत पाठवलं नाही. आपल्या शेजारी कंडक्टरच्या सीटवर बसवून दिवसभर फिरवलं. तो दिवस मला अजून तुकड्यातुकड्यांनी सापडतो. समुद्रपूरच्या स्टँडवर डब्यातली गार भाकर आणि लसणाची चटणी. ओल्या तुरीच्या शेंगांचं गाठोडं घेऊन चढलेली म्हातारी, तिनं मूठभर शेंगा माझ्या ओच्यात टाकल्या आणि नाव विचारायचंही विसरली. दुपारी गाडी रिकामी असताना काकांनी गुणगुणलेलं जुनं गाणं. खिडकीच्या काचेची सततची थरथर. मी कधी आईच्या खांद्यावर झोपले आणि कधी जागी झाले ते कळलंच नाही. आईचा खांदा मात्र तेवढा वेळ हलला नसावा, कारण संध्याकाळी ती तो हात धरून चोळत होती.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर आतल्या खोलीच्या दाराशी उभी राहून तिनं नियम सांगितला. दार लावाचं तं लाव, ती म्हणाली, बोलाचं नसन तं नोको बोलू. पण घंटी मारजो. मी बाहेरून एक मारीन. तू दोन मारली का मी समजन, जाऊ द्या. अन एक मारली का मी थांबन. गाडीवर घंटी माह्या हातात हाय, इथं तुह्या.

मग ते आमचं सुरू झालं. आई ड्युटीवरून आली की हातपाय धुऊन दारावर बोटाचं हाड एकदा वाजवायची. ठक. मी बहुतेक वेळा दोनदा वाजवायचे. ठक ठक. मग तिच्या चपला फटक फटक करत ओसरीकडं जायच्या आणि मला बरं वाटायचं. विचारलंही, आणि छळलंही नाही. महिनोन्महिने मी दोनच वाजवत होते. बाबांनी हे पाहिलं आणि तेही दारावर एक टिचकी मारून पुढं जायला लागले. त्यांच्या टिचकीला उत्तर लागायचं नाही. पण एखाद्या दिवशी आई गेल्यावर मला आत राहवायचं नाही. मग मी अगदी हळूच, जेमतेम, एक वाजवायचे. आणि आई लगेच दारात असायची. लगेच. मला वाटायचं, कंडक्टरचे कान, गर्दीत इतकी वर्षं घंटी ऐकून तयार झालेले. मैत्रिणींना मी हे कौतुकानं सांगायचे. कारण तोवर मला मैत्रिणी झाल्या होत्या. कशा आणि कधी, ते मलाही नीट कळलं नाही. फुगलेलं दार उन्हाळ्यात आपोआप सैल होतं, तसं काहीतरी झालं असावं.

नोकरीसाठी पहिल्यांदा हैदराबादला निघाले तेव्हा जामपर्यंत आईच्याच गाडीनं गेले. तिची ड्युटी होती, गाडी पुढं समुद्रपूरला जायची होती. मी बॅग घेऊन चौकात उतरले. आई दारात उभी. हात वर दोरीवर. दोनदा ओढायची की झालं. पण तिचा हात नुसताच दोरी धरून राहिला. काका आरशातून बघत होते. आतून कुणीतरी कुरकुरलं. शेवटी मीच पुढं झाले आणि गाडीच्या पत्र्यावर तळहातानं दोनदा थापलं. गाडी हलली. आई दारातून म्हणाली, "येजो." पत्रा उन्हानं तापलेला होता, तळहात बराच वेळ चुणचुणत होता. आज सकाळी त्याच चौकात उभी राहून मी तो हात पँटला पुसला, तेव्हा मितू माझ्याकडं विचित्रपणे बघत होती.

आई आता निवृत्त झाली आहे. आम्ही पोचलो तेव्हा ती ओसरीवर बसून तुरीच्या ओल्या शेंगांतून सोले काढत होती. बाबांनी मितूच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिचे मोकळे केस पाहून काहीतरी बोलायचं गिळलं. दुपारी वांग्याचं भरीत आणि भाकर झाली. मितूनं चार घास खाल्ले, उठली, आतल्या खोलीत गेली. दार फरशीला घासत लागलं. तोच आवाज. बाहेरच्या बाजूनं तो मी पहिल्यांदाच ऐकत होते.

दुपारभर मी स्वतःला आवरलं. उन्हं कलल्यावर नाही राहवलं. दाराशी जाऊन उभी राहिले. मितू, काय होतंय बाळा? आजीशी तरी बोल. कुणी काही म्हणालं का? डोकं दुखतंय का? बाहेर येतेस का? चहा घेतेस का? आतून काहीच नाही. माझा आवाज मलाच रडका वाटायला लागला.

मागून आई आली. हातात सोल्यांची परात तशीच.

"किती विचारून राह्यली वं तिले. इतके स्टॉप घेतले तं गाडी पोचन कधी," ती म्हणाली. "एक मार अन उभी राय."

मितूला ती भाषा येते. लहानपणी सुट्टीत यायची तेव्हा आजी तिला बाजेवर बसवून बाजेची एसटी करायची, सुतळीची दोरी बांधायची. मी बोट वळवलं आणि दारावर एकदा वाजवलं.

बराच वेळ काही नाही. मग आतून, थोडं तुटक, थोडं वैतागलेलं: ठक ठक.

तिला आठवत होतं. तरीही माझे डोळे भरून आले. मी आईला म्हटलं, जा म्हणतेय.

"मंग जा," आई म्हणाली.

"तू कशी गं जायचीस?" मी विचारलं. "मी रोज दोन वाजवायचे. महिनोन्महिने. तुला काहीच वाटायचं नाही?"

आईनं परात खाली ठेवली. माझ्याकडं अशी पाहत राहिली, की एवढी शिकली आणि एवढंही कळलं नाही.

"कुठी जात होतो वं मी. चपला वाजवत ओसरीपर्यंत जाची, तुले आयकू याव्या म्हणून. मंग चपला काढून हातात घ्याची अन वापस येऊन अठीच बसाची. भिंतीले टेकून." तिनं दाराशेजारची जागा बोटानं दाखवली. "डबल बेल देल्ली अन गाडी नाई हालली तं घंटीवरचा भरवसा जाते लेकराचा. म्हून हालाचं. पण लांब नाई जाचं."

मी त्या जागेकडं पाहिलं. फरशीचा एक साधा चौकोन. आईचे कान काही वेगळे नव्हते तर. खाकी कपडे अंगावर, दिवसभर उभं राहून सुजलेले पाय, आणि ती इथं बसलेली असायची, माझ्यापासून एका दाराच्या अंतरावर, आणि मी आत बसून समजायचे की ती गेली.  आईनं थांबून पाहिलं नाही. परात उचलून ती चुलीकडं गेली.

मी ओसरीवरच्या तिच्या रबरी चपला पायात घातल्या. दारापासून ओसरीपर्यंत फटक फटक करत गेले, चांगला पाय आपटत. तिथं चपला काढल्या. बाबा खुर्चीवरून बघत होते. त्यांनी काही न विचारता टीव्हीचा आवाज बंद केला. अनवाणी परत आले. डिसेंबरची फरशी गार होती. भिंतीला टेकून खाली बसले आणि डोकं दाराच्या चौकटीला लावलं.

स्वयंपाकघरातून लसूण तेलात पडल्याचा वास आला, मग सोल्यांचा. बाहेर शेजारची म्हैस हंबरली. तीच नसणार, तिची नात असेल. मांडीला मुंग्या आल्या, पण मी पाय हलवला नाही. ओसरीवरचं ऊन कठड्यावरून उतरून गेलं. कठड्यावर फणी होती आणि तिच्याशेजारी नवी कोरी रिबीन, ती कधी आणून ठेवली कोण जाणे.

आणि मग दाराच्या अगदी खालच्या अंगाला, माझ्या कानाजवळ, आतून बोटाचं हाड वाजलं. इतकं हळू, की मी ओसरीवर असते तर ऐकूच आलं नसतं.

एकदाच.